डायपरमधले भागधारक

दुकानाच्या पाटीवर ‘अँड सन्स’ असं लिहिलेलं असतं ना, त्याची मला लहानपणापासून गंमत वाटत आलीय. अमुक अँड सन्स, सराफ. तमुक अँड सन्स, छत्रीवाले. दुकान टाकलं तेव्हा हे सन्स असे कितीसे मोठे असणार? एक पाळण्यात, दुसरा बालवाडीत, तिसऱ्याचा तर अजून पत्ताच नाही. पण पाटीवर सगळे पार्टनर! (डॉटर्सना पाटीवर जागा का नव्हती, हा वेगळ्या लेखाचा विषय. लिहीन एकदा, हात शिवशिवतायत.)

आता जमाना बदलला. पाटी गेली, लिमिटेड कंपनी आली. दुकान लक्ष्मी रोडवरून उठून लंडनच्या आसपास गेलं. पण हौस मात्र तीच! पोराला धड दात आले नाहीत तोच बापाच्या डोक्यात येतं, याला शेअरहोल्डर करून टाकू या का?

हे मी हवेत बोलत नाहीये. मी ठाण्यातल्या एका ऑफिसात काम करते. काम काय, तर इंग्लंडमधल्या छोट्या छोट्या कंपन्यांची अकाउंट्स इथे बसून लिहायची. तिथले साहेब उठून दात घासेपर्यंत आमचे दोन चहा आणि एक बॅलन्सशीट झालेलं असतं. त्यामुळे नात्यागोत्यात मी ‘ती लंडनच्या टॅक्सवाली’. लग्नात पंगतीला बसले तरी कुणीतरी मठ्ठ्याचा ग्लास बाजूला ठेवून विचारतंच, ‘अगं, आमच्या चिरंजीवांचं तिकडे जरा असं झालंय...’

तर असाच माझ्या मावसभावाचा फोन. दादा मिल्टन कीन्सला असतो. आयटी कन्सल्टन्सीची स्वतःची लिमिटेड कंपनी. डायरेक्टर दोन, शेअरहोल्डर दोन, तो आणि वहिनी, निम्मे-निम्मे. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. दादा म्हणाला, “अगं, दोघांच्या नावावर दहा-दहा टक्के करून टाकतो. टॅक्स पण वाचेल. आणि नाहीतरी त्यांचंच आहे ना सगळं!”

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, मंडळी. सगळी मेख तिथे आहे. पण आधी हिशेब.

ब्रिटनमध्ये प्रत्येकाला, म्हणजे कालच जन्मलेल्या बाळालासुद्धा, वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त असतं. हा आकडा एप्रिल २०२१ पासून जिथल्या तिथे गोठलेला आहे. दादाची कंपनी वर्षाला समजा १,२०,००० पौंड डिव्हिडंड वाटते. दहा टक्क्यांनी प्रत्येक पोराच्या वाट्याला १२,००० आले. पोरांचं दुसरं उत्पन्न काय, तर दात पडला की परी उशीखाली ठेवते तो एक पौंड. म्हणजे टॅक्स शून्य. तेच २४,००० दादा-वहिनीच्या हातात आले तर? दोघंही वरच्या पट्ट्यात, २०२५-२६ च्या दराने डिव्हिडंडवर ३३.७५ टक्के, म्हणजे ८,१०० पौंड सरकारला. दर वर्षी. रुपयांत करून बघू नका, उगाच बीपी वाढेल.

मोह होणारच हो! शिवाय सरकारनेच तो वाढवलाय. २०१६ साली पहिले ५,००० पौंड डिव्हिडंड सगळ्यांनाच करमुक्त होते. ते २०१८ ला २,००० झाले, २०२३ ला १,००० आणि २०२४ ला ५००. डबा तोच, श्रीखंड दरवर्षी कमी. मग माणूस घरात अजून कुणाच्या ताटात वाढून घेता येतंय का, हे बघायला लागतो.

बरं, कायद्याने मूल शेअरहोल्डर होऊ शकतं का? खुशाल होऊ शकतं. इंग्लंडच्या कंपनी कायद्यात भागधारकाला किमान वयाची अटच नाही. डायरेक्टरला आहे, सोळा वर्षं. तीसुद्धा ऑक्टोबर २००८ पासून. त्याआधी तिथे सोळाच्या आतले डायरेक्टर चालायचे. नियम लागू झाला त्या दिवशी ते आपोआप पदावरून उतरले. राजीनामा नाही, निरोपाचा केक नाही.

पण चार वर्षांचा शेअरहोल्डर सही काय करणार? मीटिंगमध्ये मत काय देणार? क्रेयॉनने? म्हणून सहसा शेअर मोठ्या माणसाच्या नावावर राहतात आणि ‘हे मी या मुलासाठी सांभाळतोय’ असा साधा ट्रस्टचा कागद होतो. कंपनीच्या रजिस्टरवर मोठ्याचं नाव, मालकी मात्र पोराची. थेट पोराच्याच नावावर केले तर ते नाव कंपनीज हाऊसच्या दप्तरात जातं आणि ते दप्तर जगात कुणालाही फुकट बघता येतं. फेसबुकवर पोरांचे फोटो टाकत नाही म्हणणाऱ्या आई-बाबांनी याचाही जरा विचार करावा.

तर शेअर देता येतात. मग ते ८,१०० वाचले का? नाही वाचले! कारण तिथलं टॅक्स खातं काही दूधखुळं नाही.

नियम असा आहे. आई-वडिलांनी दिलेल्या पैशातून किंवा शेअरमधून अठराच्या आतल्या, लग्न न झालेल्या मुलाला जे उत्पन्न मिळतं, ते वर्षाला १०० पौंडांच्या वर गेलं की आई-वडिलांचंच धरतात. आणि शंभराच्या वरचं तेवढंच नाही हं, सगळं. शंभर मिळाले तर पोराचे, एकशे एक मिळाले तर एकशे एकच्या एकशे एक तुमचे. ही मर्यादा आईची वेगळी, बाबांची वेगळी. म्हणजे दादाच्या दोन पोरांचे मिळून वर्षाला जास्तीत जास्त चारशे पौंड सुटले असते. कागदपत्रं करायला वकील त्याहून जास्त घेतो.

“पण मग वहिनीचं कसं चालतं?” दादाचा पुढचा प्रश्न तयारच होता. “काम मी करतो, निम्मा डिव्हिडंड तिला जातो. तिथे कुणी काही म्हणत नाही.”

प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर आमच्या धंद्यात सगळ्यांना तोंडपाठ असतं. ‘आर्क्टिक सिस्टिम्स’ची केस. ससेक्समधलं एक जोडपं, जोन्स. नवरा कॉम्प्युटर कन्सल्टंट, बायको हिशेब बघायची, दोघांचा एकेक शेअर. टॅक्स खातं म्हणालं, पैसा नवऱ्याच्या कामाचा आहे, तेव्हा बायकोचा डिव्हिडंडही त्याच्याच नावावर धरा. प्रकरण पार हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि जुलै २००७ मध्ये जोडपं जिंकलं. त्या दिवशी इंग्लंडभरच्या आयटीवाल्यांच्या घरी पार्टी झाली असणार. पण निकाल नीट वाचला तर गंमत कळते. लॉर्ड्सनी म्हटलं, ही कर वाचवायची व्यवस्था आहेच. फक्त नवरा-बायकोने एकमेकांना बिनशर्त दिलेल्या भेटीला कायद्यात सूट आहे, त्या दारातून हे जोडपं सुटलं. आता ते दार नवरा-बायकोपुरतंच आहे, पोरांना त्यातून प्रवेश नाही.

पोरांची केस वेगळी आणि आधीच झालेली आहे. बटलर विरुद्ध विल्डिन, १९८० च्या दशकाच्या अखेरची. (बटलर म्हणजे टॅक्स इन्स्पेक्टर.) दोघे भाऊ, आर्किटेक्ट. त्यांनी एक तयार कंपनी घेतली, जागा विकसित करायचं काम तिच्या नावाने सुरू केलं आणि शेअर दिले आपापल्या लहान मुलांना. त्यासाठीचे पैसेसुद्धा आजी-आजोबांकडून आलेले. म्हणजे कागदावर आई-वडिलांनी पोरांना काहीच दिलेलं नाही! कोर्टाने विचारलं, मग कंपनीसाठी राबलं कोण? जोखीम कुणी उचलली? भावांनीच, आणि तीही फुकट. म्हणजे देणारे तेच, डिव्हिडंडवरचा टॅक्सही त्यांच्याच माथी.

हा निकाल मला फार आवडतो. कारण त्यात पैशाबरोबर घाम पण मोजलाय. तुम्ही नोट दिली नाहीत, पण रविवार दिलात, रात्री दिल्यात, तर तेही देणंच झालं. आपल्याकडे आयांच्या बाबतीत हा हिशेब कुणी लावत नाही, हे जाता जाता.

एवढं सांगितल्यावर दादा गप्प बसेल? त्याने थेट पुण्याला काकांना फोन लावला. काका बँकेतून रिटायर. नातवंडांसाठी काहीही करायला एका पायावर तयार. बेत असा की शेअर काकांनी घ्यायचे आणि मग नातवंडांना द्यायचे. आजोबांनी दिलं तर तो शंभराचा नियम लागत नाही ना?

हे खरं आहे. तो नियम आई-वडिलांपुरता आहे. आजोबांनी स्वतःच्या पैशातून नातवाच्या नावावर काही ठेवलं तर त्याचं उत्पन्न नातवाचंच. पण त्यात ‘स्वतःच्या’ हा शब्द महत्त्वाचा. कमावत्या कंपनीचे शेअर नाममात्र एका पौंडाला आजोबांना दिले, आजोबांनी ते नातवंडांसाठी ट्रस्टमध्ये टाकले आणि पुढच्याच महिन्यात त्यावर हजारो पौंडांचा डिव्हिडंड निघाला, तर देणारे आजोबा कुठे? आजोबा नुसते पोस्टमन. शाळेची फी भागवायला तिथे हीच युक्ती पॅकेज करून विकली जात होती. २०२३ मध्ये टॅक्स खात्याने जाहीर इशारा दिला की हे चालणार नाही, टॅक्स आई-वडिलांवरच बसेल. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे मी सही करणारा बाहुला होतो तर. बरं झालं सांगितलंस.” बँकेत चाळीस वर्षं काढलेला माणूस, त्याला एका वाक्यात समजलं.

मग पोरांना पगार दाखवू? हाही विचार लोक करतात. तिथे तेराच्या आतल्या मुलाला कामावर ठेवता येत नाही, अपवाद नाटक-सिनेमा-मॉडेलिंगसारख्या गोष्टींचा. आणि पगार कामाच्या मानाने हवा. १९४० ची एक जुनी केस आहे, डुकरांचा व्यापार करणाऱ्या फ्लड अँड सन्स कंपनीची. सतरा वर्षांच्या मुलीला वर्षाला २,६०० पौंड दाखवले होते. तिचं काम? फोन उचलणे. त्या काळचे २,६०० हं! टॅक्सवाल्यांनी विचारलं, एवढं काय बोलते ती फोनवर? कोर्टानेही म्हटलं, धंद्यासाठी जेवढं खरंच दिलं तेवढंच खर्चात धरा.

तुम्ही म्हणाल, मग दुसरा देश बघू. बघा. कॅनडात २००० सालापासून घरच्या कंपनीकडून अठराच्या आतल्या मुलाला मिळणाऱ्या डिव्हिडंडवर सरळ सर्वांत वरचा दर लागतो. ऑस्ट्रेलियात मुलाचं असं बसल्याजागचं उत्पन्न वर्षाला ४१६ डॉलरच्या वर गेलं की जबर दर. अमेरिकेत १९८६ पासून ‘किडी टॅक्स’ आहे, नावच बघा! आणि आपल्याकडे? १९६१ च्या कायद्यात कलम ६४(१ए) होतं, २०२५ च्या नव्या कायद्यातही तो नियम कायम आहे. अज्ञान मुलाचं उत्पन्न आई-वडिलांपैकी ज्याचं जास्त, त्याच्यात मिळवायचं. सूट कशाला, तर मुलाने स्वतःच्या मेहनतीने किंवा कलेने कमावलं असेल त्याला. थोडक्यात, जगभरच्या सरकारांना बाप कळलेला आहे.

इथून तिकडे गेलेल्या आणि एक दिवस परत यायचं म्हणणाऱ्यांसाठी अजून एक. परत आल्यावर तिकडचे शेअर ठेवता येतात, तिथे राहत असताना घेतले असतील तर फेमा कायदा आड येत नाही. पण इथले पूर्ण रहिवासी झालात की रिटर्नमध्ये परदेशातली मालमत्ता दाखवावी लागते आणि ती न दाखवण्याचा दंड २०१५ च्या काळा पैसा कायद्याने दहा लाखांपर्यंत जातो. पोराच्या नावचे शेअर म्हणून सोडून दिलं आणि मागून नोटीस आली, असं नको.

इथपर्यंत हा सगळा टॅक्सचा मामला झाला. आता दादाचं ते वाक्य. ‘नाहीतरी त्यांचंच आहे ना सगळं!’

आहे का?

असं बघा. तुम्ही शेअर मुलाच्या नावे केलेत की ते त्याचे झाले. खरोखरचे. त्यावरचा पैसा घराच्या हप्त्याला वापरता येत नाही, गाडीला वापरता येत नाही, ‘तात्पुरता’ कंपनीत फिरवता येत नाही. तुम्ही फक्त राखणदार. आणि मुलगा अठराचा झाला की तो म्हणू शकतो, बाबा, माझं मला द्या. इंग्लंडमध्ये हा हक्क १८४१ च्या एका निकालापासून चालत आलाय. तेव्हा तो मेडिकलला जाणार असेल, गिटार घेऊन दक्षिण अमेरिकेला जाणार असेल किंवा तुमच्याशी बोलत नसेल, कायद्याला त्याचं काही नाही. ‘आत्ता नाही, लग्नाच्या वेळी’ हे आपलं ठेवणीतलं उत्तर तिथे चालत नाही.

दहा टक्क्यांचा भागधारक असला तरी भागधारकच. एकाच वर्गाचे शेअर असतील तर डिव्हिडंड तुम्ही घेतलात की त्यालाही त्याच प्रमाणात द्यावा लागतो. कंपनी विकायची झाली तर त्याचा वाटा त्याला. हिशेबात त्याच्यावर अन्याय झाला असं त्याला वाटलं, तर तो कोर्टातही जाऊ शकतो. आणि उद्या आई-बाबांचंच जमलं नाही तर? ज्यांच्या नावावर शेअर आहेत ती पोरं त्या भांडणात कुठे उभी राहणार? मी ऑफिसात अशा कंपन्यांची अकाउंट्स बघितलीयत. नावं सांगणार नाही. पण जेवणाच्या टेबलावरचं भांडण बॅलन्सशीटमध्ये उतरलं की ते फार वाईट दिसतं.

वहिनी हे सगळं स्पीकरवर ऐकत होती. ती म्हणाली, “तू टॅक्सचं सोड. मला एवढंच सांग, ते पैसे मुलांचे म्हणून आपण खरंच बाजूला ठेवणार होतो का?” दादा काहीच बोलला नाही. मीही नाही.

मला वाटतं, प्रश्न हाच आहे. आपण देतोय, की आपलं ठेवायला पोराचा खिसा वापरतोय? दोन्ही एकाच वेळी करायचं असतं, तिथेच कायदा आडवा येतो. तो निर्दय आहे म्हणून नाही, तर तो बिचारा शब्दशः घेतो. तुम्ही म्हणालात ‘मुलांचं’, तो म्हणतो बरं, मुलांचं. द्या मग.

आपल्या जुन्या ‘अँड सन्स’वाल्यांना हे बहुधा माहीत होतं. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यात अज्ञान मुलाला पार्टनर करता येत नाही, फक्त नफ्यात वाटा देता येतो. तो अठराचा झाला की सहा महिन्यांत त्याने सांगायचं असतं, पार्टनर व्हायचंय की नाही. गप्प बसला तर पार्टनर झाला असं धरतात. पण विचारायचं मात्र असतं! बापाने पाटी रंगवली म्हणून पोरगं आपोआप बांधलं जात नाही.

बरं, तात्पर्य सांगत बसत नाही. ज्यांचे भाऊ-बहीण, मित्र-मैत्रिणी तिकडे आहेत आणि ज्यांना हा लेख व्हॉट्सअ‍ॅप करायचाय, त्यांच्यासाठी थोडक्यात.

लहान मुलांसाठी खरंच ठेवायचंय? ब्रिटनमध्ये ज्युनिअर आयसा आहे, वर्षाला ९,००० पौंडांपर्यंत. त्याला तो शंभराचा नियम लागत नाही. पैसा अठरापर्यंत बंद आणि मग मुलाचा.

अजून लांबचं बघायचंय? मुलाच्या नावाने पेन्शन काढता येते. वर्षाला २,८८० पौंड भरा, सरकार ते ३,६०० करतं. पोरगं म्हातारं होईपर्यंत हात लावता येत नाही, पण गिटार आणि दक्षिण अमेरिकेपासून सुरक्षित.

आजी-आजोबांना द्यायचंय? त्यांचा पैसा, त्यांचा निर्णय, त्यांचा कागद. आई-बाबांनी मागच्या दाराने पैसे पुरवायचे नाहीत.

शेअरच द्यायचेत? मग अठरा वर्षं थांबा. सज्ञान मुलाला बिनशर्त दिलेल्या शेअरचा डिव्हिडंड त्याचा स्वतःचा आणि नेमका तेव्हाच कॉलेजचा खर्च सुरू होतो. देताना भांडवली नफ्यावरचा कर आणि वारसा कराचा सात वर्षांचा नियम, दोन्ही तिथल्या अकाउंटंटला विचारा. मला नको, माझ्या पंगतीतला मठ्ठा आधीच गार होतो. आणि शेअर वेगळ्या वर्गाचे ठेवा, म्हणजे मालकी थोडी दिली तरी गाडी कोण चालवतं हे स्पष्ट राहतं.

दादाच्या कंपनीत अजून दोनच शेअरहोल्डर आहेत. पोरांची ज्युनिअर आयसा खाती उघडली, पहिला हप्ता काकांनी स्वतःच्या पेन्शनमधून भरला आणि त्याची पावती फ्रेम करून घ्यायची का, असं मला विचारलं. पुतणीला मात्र कुणीतरी सांगितलंय की तू कंपनीची मालकीण होणार होतीस. ती आता रोज बाबांना विचारते, “बाबा, आज ऑफिसात नीट काम केलंत ना?”